सान इसिद्रोची रुंद गाडी

एल तेकोलोते
१२ एप्रिल १९९९

आदरणीय कोमाद्रे ओर्तेन्सिया,

यंदा सान इसिद्रोची मूर्ती माझ्या पिकअपवरून शेतांत फिरणार आहे. काल मिस्सा संपल्यावर खुद्द पाद्री अन्सेल्मोंनी देवळाच्या पायरीवरून तसं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाल्दोमेरोनेही वाजवल्या, पण माशी मारावी तशा.

तुम्ही आमच्या लेकीच्या, इमेल्दाच्या धर्ममाता, म्हणूनच तर माझ्या कोमाद्रे, तेव्हा बातमी पहिली तुम्हाला. पंधरा मेला मिरवणूक निघेल तेव्हा इमेल्दाच मागच्या हौद्यात उभी राहून मूर्ती धरणार आहे. संत लाकडाचे असले तरी खड्ड्यांतून डुलतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तिच्या आईने ड्रेस शिवायला घेतलाय. पिवळा.

इतकी वर्षं हा मान बाल्दोमेरोकडे होता. त्याच्या गाडीला मागे एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी चाकं आहेत. मागून पाहिलं तर लग्नाला निघालेली श्रीमंत मावशी वाटते. तिच्यापुढे माझी पिकअप म्हणजे उपाशी शिंगरू, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे बाल्दोमेरो.

आता एक किरकोळ चौकशी. माझा एक मित्र आहे, नाव सांगायची त्याची इच्छा नाही. त्याला आपल्या पिकअपची चाकं जराशी बाहेर काढायची आहेत, गाडी भरदार दिसावी म्हणून. चाक आणि ब्रेकचा ड्रम यांच्यामध्ये जाड चकती घालतात, तिला स्पेसर म्हणतात, असं त्याने ऐकलंय. तुमचं टायरचं दुकान आहे, दिवसभर चाकंच बघता. यात काही धोका आहे का? मित्राला घाई आहे.

फोन केला असता, पण गावातला एकुलता एक फोन बाल्दोमेरोच्या दुकानात आहे आणि तो बोलणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो. म्हणून पत्र बस ड्रायव्हर निकानोरच्या हाती देतोय.

तुमचा कोम्पाद्रे,
एवारिस्तो


दुरांगो शहर
१६ एप्रिल

कोम्पाद्रे एवारिस्तो,

अभिनंदन. संतांना माझा नमस्कार सांगा आणि इमेल्दाला एक पापी.

तुमच्या त्या मित्राला मी ओळखत नाही, पण माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. मिशा मोठ्या, कान नावापुरते. त्याला माझं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवा.

स्पेसर म्हणजे पाप नव्हे. माझ्याकडे बसवून घेणारे येतात आणि वर्षानुवर्षं धड फिरतात. पण चकती चांगल्या कारखान्यातली, एका अखंड तुकड्यातून कातलेली असावी लागते. ती ड्रमच्या मधल्या उंचवट्यावर घट्ट बसावी लागते, मागेपुढे खेळता कामा नये. जाड असेल तर तिला स्वतःचे वेगळे बोल्ट असतात: चकती गाडीला आवळायची आणि चाक चकतीला. बसवताना ड्रमवरचा गंज घासून काढायचा, नट ठरल्या जोराने आवळायचे आणि पहिली फेरी मारून आल्यावर सगळे नट पुन्हा आवळायचे. हे शेवटचं लोक विसरतात, आणि मग चाक त्यांच्या आधी घरी पोहोचतं.

इतकं सगळं करूनही चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर जास्त ताण येतो आणि ते लवकर झिजतं. म्हणजे धोका कमी करता येतो, संपवता येत नाही. निव्वळ दिसण्यासाठी करायचं असेल तर मित्राला म्हणावं, त्यापेक्षा नवी टोपी घे.

एक साधी परीक्षा सांगते. चाक लावताना नट हाताने फिरवायला घेतला की घट्ट होईपर्यंत तो किती वेढे फिरतो? मित्राला मोजायला सांगा आणि मला कळवा.

तुमची कोमाद्रे,
ओर्तेन्सिया


एल तेकोलोते
२२ एप्रिल

आदरणीय कोमाद्रे,

तुमचं पत्र मित्राला वाचून दाखवलं. टोपीचं वाक्य वगळलं, उगाच मैत्री तुटायची.

आनंदाची गोष्ट ही की त्याचं काम झालंसुद्धा. कारखान्याची चकती मागवायला त्याला वेळ नव्हता, म्हणून त्याने डोकं लढवलं. त्याच्याकडे आजोबांचा तव्यांचा नांगर पडून होता. त्याचे तवे लोहार चेमाने ठोकून सपाट केले, गोल कापले, भोकं पाडली आणि तीन-तीन एकावर एक ठेवून प्रत्येक चाकामागे बसवले. विचार करा, कोमाद्रे! सान इसिद्रो म्हणजे नांगरणाऱ्यांचे संत. त्यांच्याच गाडीला नांगराचं लोखंड! बाल्दोमेरोला सात जन्मांत सुचणार नाही.

(म्हणजे मित्राच्या गाडीवर संत बसणार नाहीत, पण भावना महत्त्वाची.)

तुमच्या परीक्षेतही तो उत्तम पास झालाय. पूर्वी नट फिरवून फिरवून हात दुखायचे. आता दोन वेढे दिले की बसला. किती सोयीचं! बोल्ट आहेत तेच आहेत. नटांवर त्याने चकचकीत टोप्या लावल्यात, भाल्याच्या टोकासारख्या. शेवटी तुमचा टोपीचा सल्लाही मानलाच म्हणा.

रविवारी पाद्री माझ्या पिकअपला आशीर्वाद देणार. पिवळी रिबन तयार आहे.

तुमचा,
एवारिस्तो


दुरांगो
२३ एप्रिल

एवारिस्तो,

दोन वेढे?

बोल्टावर नटाने धरून ठेवलेले आटे म्हणजे चाकाचा जीव. तुम्ही जुन्याच बोल्टांवर तीन तवे चढवलेत, मग नटाला धरायला उरलंय काय? नखाएवढं टोक. त्यात ठोकून सपाट केलेला तवा कधी खरा सपाट होत नाही. तीन तवे एकमेकांवर घासणार, दबणार आणि नट सैल होणार.

ते तवे आज काढा. आशीर्वादाच्या आधी काढा. नंतर तुम्ही मला गावचा नियम सांगाल, तो मला ठाऊक आहे, मी त्याच गावात वाढले.

आणि मित्राला म्हणावं, तू गाढव आहेस.

ओर्तेन्सिया


एल तेकोलोते
२८ एप्रिल

आदरणीय कोमाद्रे,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. आशीर्वाद रविवारी झाला.

पाद्रींनी चारही चाकांवर तीर्थ शिंपडलं, आरशाला रिबन बांधली. आता नियम तुम्हीच जाणता: आशीर्वाद झालेल्या गाडीला, संत तिच्यावर बसून, उतरून, आपल्या घरी परत जाईपर्यंत पाना लागत नाही, जॅक लागत नाही, हातोडीसुद्धा नाही. तुमच्या आजोबांनी एकदा नुसता आरसा सरळ केला होता तर त्या साली मका करपला. मी संपूर्ण गावाचा मका डोक्यावर घेऊ?

काळजी करू नका. तीर्थ चाकांवर पुरेसं पडलंय. मी पाहिलं. आणि गाडी काय दिसते! देवळासमोरच लावून ठेवतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दर्शन होतं. बाल्दोमेरो तिच्याभोवती एक चक्कर मारून दुकानात निघून गेला. इतका सुंदर रविवार माझ्या आयुष्यात आला नव्हता.

एवारिस्तो


एल तेकोलोते
३ मे

प्रिय ओर्तेन्सिया,

हे पत्र मी लिहिलंय हे माझ्या नवऱ्याला कळता कामा नये. निकानोरला तसं बजावलंय आणि तोंड बंद राहावं म्हणून बटाटा भरलेल्या मक्याच्या गोर्दिता खायला दिल्यात.

मित्र कोण ते तू पहिल्याच दिवशी ओळखलं असशील. मला मात्र तुझी पत्रं काल त्याच्या कोटात सापडली, तेव्हा कळलं.

गाडी थरथरते. काल आम्ही ओढ्याच्या उतारावरून पिठाच्या गिरणीत गेलो तर स्टिअरिंग त्याच्या हातात नाचत होतं. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणतो, "शक्ती आहे." मागून टक्, टक् असा आवाज येतो. मी म्हटलं, "आणि हा?" तर म्हणतो, "कुका, नांगराच्या लोखंडाला जमीन ओळखीची वाटते."

मी रडले, भांडले, एक दिवस स्वयंपाक केला नाही. त्याने केळी खाल्ली. खरं सांगू, तोही घाबरलाय. परवा मी त्याला चाकापाशी उकिडवा बसून नटाच्या टोपीवर बोट ठेवताना पाहिलं. मी आल्यावर म्हणाला, धूळ पुसत होतो. पण आता सगळ्या गावासमोर तोंडावर पडल्याशिवाय त्याला मागे फिरता येत नाही, आणि वर हा नियम.

इमेल्दा रोज संध्याकाळी त्या हौद्यात उभी राहून तोल सांभाळायचा सराव करते. हातात मूर्तीऐवजी केरसुणी. उतारावर चाक निसटलं तर ती कुठे फेकली जाईल हे मी मनात रोज बघते.

काहीतरी सांग.

तुझी,
रेफुहियो (कुका)


दुरांगो
६ मे

कुका,

तुझी भीती बरोबर आहे. आवाज येतोय म्हणजे नट सैल झालेत. तू म्हणतेस तसंच होईल, आणि उतार लागेपर्यंत थांबेलच असंही नाही. त्या गाडीत कुणी बसू नका. चावी पिठाच्या डब्यात टाक.

आता नियमाचं बघू. एवारिस्तो आशीर्वाद मोडणार नाही, पाद्री रूढी मोडणार नाहीत, आणि माझ्या आजोबांचा मका अजून गावाच्या तोंडात आहे. म्हणून नियम मोडायचा नाही. पाळायचा. अगदी पुरता पाळायचा.

त्याने मला नियम लिहून पाठवलाय: संत गाडीवर बसून, उतरून, घरी परत जाईपर्यंत. यात पंधरा मे कुठे आहे? शेत कुठे आहे? गाडी हलली पाहिजे असं तरी कुठे म्हटलंय?

गाडी देवळासमोर उभी असते. देवळाची किल्ली त्रान्सितोकडे असते, आणि तिच्या हातचं मक्याचं गरम अतोले तू आयुष्यभर पीत आलीस. दुपारी जेवणानंतर गावात कुत्रंही जागं नसतं. मूर्ती दोघींना उचलेल. मूर्तीच्या पायाशी बैल आहेत ते सांभाळा, त्यांची शिंगं फक्त चिकटवलेली आहेत.

ओर्तेन्सिया


एल तेकोलोते
१० मे, मातृदिन

प्रिय ओर्तेन्सिया,

काल दुपारी संत गाडीवर बसले.

त्रान्सितो आधी म्हणाली, "पाप लागेल." मी म्हटलं, "संतांना विचारून बघ, नको म्हणतात का." तिने खरंच विचारलं. ते काही बोलले नाहीत. मग आम्ही दोघींनी त्यांना उचललं, हौद्यात ठेवलं, एक प्रार्थना म्हटली, घाबरून निम्मीच म्हटली, आणि परत नेऊन वेदीवर बसवलं. बैलाचं एक शिंग निघालं ते मी शालीत लपवून आणलंय, संध्याकाळी डिंकाने चिकटवीन.

घरी येऊन नवऱ्याला उठवलं. "चल," म्हटलं. "संत बसले, उतरले, घरी गेले. हा घे पाना."

तो ताडकन उठून बसला. मग ओरडला, "बाई, तू संतांना दुपारच्या झोपेतून उठवलंस?"

"तेही तुझ्यासारखे पडून राहिले असते तर तुझी पोरगी रस्त्यावर पडली असती."

मला खोटं पाडायला म्हणून तो पाना घेऊन तरातरा गेला. "ये, बघ, दगडासारखे घट्ट आहेत," म्हणत मागच्या चाकाची पहिली टोपी काढली. पाना लावला. जोर लावायच्या आधीच नट फिरला. दुसरा नटही तसाच. तिसऱ्याला त्याने पाना लावलाच नाही, बोटांनी काढला. चौथा नट ओढला तर तुटका बोल्टच त्याच्यासोबत हातात आला.

तो जमिनीवर बसला, ओर्तेन्सिया. लोक यायला लागले तरी उठेना. इमेल्दा आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, मी याच बाजूला उभी राहणार होते ना?"

त्याने मान हलवली. तेव्हापासून जेवला नाही. आज मातृदिनाचा केकही तसाच आहे.

आणखी एक घोटाळा झालाय. त्रान्सितोला राहवलं नाही, तिने कबुलीजबाबात पाद्रींना सगळं सांगितलं. तिथलं ऐकलेलं पाद्रींना बाहेर बोलता येत नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं. म्हणून बाहेर येऊन फाटकात उभी राहून तिने तेच सगळं त्यांना पुन्हा सांगितलं. शेजारी बाल्दोमेरो होता.

कुका


दुरांगो
११ मे

कोम्पाद्रे,

निकानोरच्या सीटखाली पिशवी आहे. त्यात नवे बोल्ट आणि नट आहेत, चारही चाकांचे. जुना एकही ठेवू नका. जे तुटले नाहीत तेही ताणले गेलेत, ते दिसत नाही एवढंच. तवे फेकून द्या, चाक थेट ड्रमवर बसवा, ड्रम घासून.

कुकावर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी शुक्रवारच्या बसने येतेच आहे.

आणि जेवा.

ओर्तेन्सिया


एल तेकोलोते
१३ मे

आदरणीय कोमाद्रे,

सान इसिद्रो यंदा बाल्दोमेरोच्या गाडीवरून निघणार आहेत. काल संध्याकाळी पाद्री अन्सेल्मोंनी तसं जाहीर केलं, त्याच पायरीवरून.

झालं असं की बाल्दोमेरोने सगळ्यांदेखत मुद्दा काढला: संत एवारिस्तोच्या गाडीवर बसून आले, म्हणजे त्याचा यंदाचा मान झाला, आता पुढचा नंबर माझा. पाद्रींनी मला पुढे बोलावलं. "एवारिस्तो, संत तुझ्या गाडीवर बसले होते की नाही?"

कोमाद्रे, मी त्या पायरीखाली उभा होतो आणि माझ्यापुढे दोनच रस्ते होते. नाही म्हटलं असतं तर मान राहिला असता. लाकडाचे संत, घाबरलेल्या दोन बायका, झोपलेलं गाव, कोण शपथ घेणार? पण मग नियम अजून चालू, मी गाडीला लावलेला पाना पाप, आणि ते तवे पुन्हा चढवावे लागले असते. इमेल्दा गर्दीत कुकाच्या शेजारी उभी होती. हातात काही नव्हतं, तरी मूर्ती धरल्यासारखे हात पुढे होते. सवय लागलीय तिला.

मी म्हटलं, "बसले होते. उतरले. घरी गेले."

बाल्दोमेरोने टाळ्या वाजवल्या. या वेळी मनापासून.

तुमचे बोल्ट बसवले. चेमा म्हणाला, तवे परत देतोस का, कोंबड्यांच्या खुराड्याला झाकण करतो. दिले. आता नट फिरवताना पुन्हा हात दुखतात आणि मला ते दुखणं आवडायला लागलंय. गाडी परत शिंगरू झाली. मागून बघणाऱ्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.

आता ऐका. कालव्यावरचा पूल हिवाळ्यात खचला होता, तो या मंगळवारी बांधून झाला. दोन्ही बाजूंना दगडी कठडे घातलेत. दगड बाल्दोमेरोने दिला, हात आखडता घेऊन, म्हणून पूल होता त्याहून अरुंद झाला. सगळी शेतं कालव्याच्या पलीकडे आहेत. काल मी सुतळी घेऊन गेलो. माझी पिकअप जाते, दोन्ही बाजूंना तळहात फिरवायला जागा ठेवून. तवे असते तर गेली नसती. बाल्दोमेरोची ती मावशी तर मुळीच जात नाही. त्याने मोजलेलं नाही. आपल्या मालकीचं काही मोजायची त्याला गरज वाटत नाही.

आज सकाळी मी पाद्रींना पूल बघायला नेलं. त्यांनी पूल बघितला, सुतळी बघितली, माझी गाडी बघितली. मग आभाळाकडे बघत म्हणाले, "संतांनी शेतं बघितली पाहिजेत, एवारिस्तो. चालत मात्र त्यांना जमणार नाही." एवढंच बोलले आणि जेवायला गेले.

उद्या संध्याकाळी मी गाडी पुलापलीकडे नेऊन लावतोय. हौद्यात कुका सतरंजी घालणार आहे. इमेल्दा अजून हो म्हणालेली नाही. ती म्हणते, धर्ममाता माझ्यासमोर प्रत्येक नटाला पाना लावतील, मगच चढेन. पप्पांचा शब्द नको, त्यांच्या मित्राचा तर नकोच.

तेव्हा शुक्रवारी चौकात उतरू नका, निकानोरला सांगून थेट कालव्यापाशी उतरा, आणि किती जोर लागला ते दाखवणारा तुमचा तो लांब पाना सोबत आणा. या गाडीला नव्याने आशीर्वाद घेतलेला नाही, पाना चालतो.

शनिवारी मिस्सा नऊला संपेल. बँड पुढे, मागे बाल्दोमेरो, त्याच्या हौद्यात संत आणि त्यांना धरून त्याचा जावई. दहाच्या सुमाराला ते पुलापाशी पोहोचतील. आम्ही पलीकडे असू.

तुमचा कोम्पाद्रे,
एवारिस्तो